शहराच्या आसपास गोड्या पाण्यात गळ टाकायला जागा कशी शोधायची

बहुतेक मोठी शहरं नदीकाठाने, नाहीतर एखाद्या जुन्या तळ्याभोवती वाढलेली असतात. त्यामुळे तासाभराच्या अंतरात पाणीच नाही असं सहसा होत नाही. अडचण होते ती भलत्याच पाण्यावर दिवस घालवल्यामुळे. नवखा माणूस गाडी जिथे थांबते तिथेच गळ टाकतो, तोही भर दुपारी, आणि चार तासांनी ‘इथे मासेच नाहीत’ म्हणून उठतो. मासे पुष्कळदा तिथून चाळीस पावलांवर, तळ जिथे एकदम उतरतो त्या कडेला असतात. आख्ख्या तळ्यातला तेवढा तुकडा हुडकायचा असतो.

खाली दिलेलं काम घरात बसून सुरू होतं आणि गळ जवळजवळ शेवटी बाहेर निघतो. पहिली फेरी रॉड न घेता आणि दुसरी गळ न लावता करायची आहे. हे ऐकून मन नाराज होतं, पण रॉड हातात असला की माणूस पाणी बघत नाही, तरंगणी बघत बसतो.

नकाशा: आधी सगळं पाणी मांडून घ्या

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. पहाटे उजाडायच्या आधी काठावर पोचायचं असतं, म्हणून पहाटेच्या रस्त्याने एक तास ही हद्द धरा. तेवढ्या वर्तुळात उपग्रहाच्या दृश्यावर दिसणारं प्रत्येक पाणी खुणेने टिपा: नदी, ओढे, संगम, बंधारे, धरणाचा फुगवटा, कालवे, बागेतली तळी, दगडखाणीत साचलेलं पाणी. साध्या रस्त्यांच्या नकाशात लहान तळी दिसतच नाहीत, म्हणून उपग्रहाचंच दृश्य घ्या. ओपन स्ट्रीट मॅपवर पायवाटा, बंधारे आणि कालव्यांचे दरवाजे पुष्कळदा जास्त तपशिलाने दाखवलेले असतात. तो नकाशा शेजारी उघडा ठेवा.

आता खरं उपयोगी काम. संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुनी छायाचित्रं वर्षांनुसार बघता येतात. तुम्ही निवडलेल्या पाण्याचं सगळ्यात कोरड्या महिन्यातलं, त्यातही कमी पावसाच्या वर्षातलं चित्र शोधा. त्या चित्रात जी जमीन उघडी पडलेली दिसते, तोच भरल्या पाण्यातला तळ. पाण्याखाली गेलेली जुनी नदीची धार, बुडालेला रस्ता, शेतांचे बांध, विहिरीचं तोंड, झाडांचे बुंधे, खडकाची रांग सगळं उघडं दिसतं. त्याचं चित्र जपून ठेवा आणि त्यावर काठावरच्या न हलणाऱ्या खुणांपासून अंतर मोजून लिहा: ‘पुलाच्या तिसऱ्या खांबापासून 45 मीटर, जुना बांध’. वर्षभर काठावर बसूनही जे कळणार नाही ते इथे अर्ध्या तासात कळतं.

मोठ्या जलाशयांसाठी आणखी दोन साधनं फुकट आहेत. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं 2015 पासूनची मिळतात. एक ठिपका 10 मीटरचा आणि साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र. लहान तळ्याला ती निरुपयोगी, पण जलाशयाचा कुठला कोपरा हिरवा पडलाय, गढूळ पाणी कुठल्या ओढ्यातून शिरतंय, हे छान दिसतं. दुसरं म्हणजे ग्लोबल सरफेस वॉटर नावाचा नकाशा. लँडसॅट उपग्रहांच्या 1984 पासूनच्या चित्रांवरून कुठल्या जागी किती वेळा पाणी होतं हे तो रंगांनी दाखवतो. कायम पाणी राहणारा भाग निळा आणि कधीमधी भरणारा भाग गुलाबी-जांभळा. दर वर्षी पूर्ण आटणाऱ्या तळ्यात मोठा मासा वाढायला वेळच मिळत नाही. तिथे मरळीसारखे हवा घेऊन तग धरणारे, चिखलात निभावणारे मासे तेवढे असतात. नवख्याने अशी तळी सरळ खोडावीत.

परवानगी: हे दुसऱ्याच दिवशी उरका

प्रत्येक पाण्याबद्दल तीन गोष्टी विचारा. पाणी कोणाच्या मालकीचं आहे? मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे? आणि बंदीचे महिने कोणते? मालक आणि हक्कदार बरेचदा वेगळे असतात. जलाशय पाटबंधारे खात्याचा किंवा नगरपालिकेचा असतो आणि त्यातला मासा ठेक्याने मच्छीमारांना दिलेला असतो. त्यांनी माशांचं बीज (लहान पिल्लं) सोडलेलं असतं, पोट त्यावर असतं. विचारल्याशिवाय तिथे गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं कणीस तोडणं आहे.

पिण्याच्या पाण्याचे साठे, अभयारण्यं, लष्करी हद्द आणि धरणाच्या भिंतीजवळचा पट्टा यांवर बहुतेक ठिकाणी बंदी असते. पहारेकऱ्याने ‘बसा की’ म्हटलं तर ती परवानगी नव्हे, उद्या दुसरा पहारेकरी असतो. पावती किंवा लेखी कागद घ्या. किती रॉड चालतात, किती लांबीखालचा मासा परत सोडावा लागतो आणि विणीच्या काळात काय नियम आहे हे त्याच वेळी विचारून ठेवा. जाळी लावलेली दिसली तर त्यांच्यापासून लांब बसा. तुमचा गळ जाळ्यात अडकला की जाळंही फाटतं आणि संबंधही.

या पायरीवर तुमच्या यादीतल्या बऱ्याच खुणा गळतील. बरंच आहे, उरलेली नीट बघायला वेळ मिळतो.

पाणी जिवंत आहे का

शहराजवळच्या पाण्याचा सगळ्यात मोठा प्रश्न सांडपाण्याचा. नदी असेल तर शहराच्या वरच्या अंगाला, म्हणजे उगमाकडे जा. खालच्या अंगाला एक गोष्ट लोकांना चकवते. नाला जिथे नदीत मिळतो तिथे पाणी सगळ्यात वाईट असेल आणि पुढे लगेच सुधारेल असं वाटतं. पण घाण कुजवणारे जिवाणू प्राणवायू हळूहळू खातात, म्हणून प्राणवायू सगळ्यात कमी नाल्याच्या तोंडाशी नसून काही अंतर खाली गेल्यावर होतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 मध्ये याचं गणित मांडलं. मोठ्या शहराच्या खाली नदी सावरायला कित्येक किलोमीटर घेते, आणि मधेच दुसरं गाव आलं की हिशेब पुन्हा सुरू. नाल्याच्या तोंडाशी कधीकधी मासे गोळा झालेले दिसतात, अन्न असतं म्हणून. तो मासा धरून उपयोग नाही.

प्राणवायूचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. 20 अंश सेल्सियसच्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण 9 मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे पाणी तापलं की प्राणवायू कमी, आणि माशाची गरज मात्र वाढलेली. 5 च्या खाली बहुतेक माशांची भूक मंदावते, 2-3 च्या खाली ते गुदमरायला लागतात. वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री घेतात, म्हणून शेवाळाने हिरव्यागार झालेल्या उथळ तळ्यात पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. ‘मासेमारी पहाटेच’ हा सल्ला अशा तळ्यात फसतो. तिथे सकाळी नऊनंतर मासा हलायला लागतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड काढून हवा गिळताना दिसले तर ते खायला आलेले नसतात. त्या दिवशी तिथे गळ टाकू नका, धरून सोडलेला मासाही जगत नाही.

काठावर पोचल्यावर हे तपासा:

- वास. ओल्या मातीचा वास ठीक. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे तळात प्राणवायूच नाही.
- फेस. बंधाऱ्याखाली थोडा फेस येतोच आणि विरतो. पांढरा ताठ फेस तासन्‌तास तरंगत राहिला तर साबण, रसायन समजा.
- रंग. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा दाट थर, किंवा निळसर साय, म्हणजे बहुधा निळं-हिरवं शेवाळ. त्यातले काही प्रकार विषारी असतात. पाण्यात हात घालू नका आणि कुत्रा बरोबर असेल तर त्यालाही उतरू देऊ नका.
- जीव. काठचे दोन-चार दगड उलटे करा. खाली किड्यांच्या अळ्या, गोगलगायी, झिंगे सापडले तर पाणी जिवंत आहे. फक्त लाल, दोऱ्यासारख्या अळ्या असतील तर तळाला प्राणवायूची टंचाई असल्याची खूण आहे.

कारखान्यांजवळचं पाणी दिसायला नितळ असलं तरी फसवं असतं. जड धातू डोळ्यांना दिसत नाहीत, शिजवल्याने जात नाहीत. पारा तर लहान माशाकडून मोठ्या माशाकडे साठत जातो, त्यामुळे शिकार करून जगणारा, वयाने मोठा मासा सगळ्यात धोक्याचा. जिथे शंका आहे तिथे धरा आणि सोडा.

पहिली पायी फेरी

सूर्योदयाआधी अर्धा तास पोचा. बरोबर ध्रुवीकृत काचांचा (पाण्यावरची चमक कापणारा) चष्मा, जमली तर दुर्बीण, वही, थर्मामीटर, आणि पांढऱ्या रंगाचं 20 सेंटिमीटर व्यासाचं झाकण किंवा थाळी, मध्ये भोक पाडून दोरीला बांधलेली, खाली वजन लावलेली. ही थाळी पाण्यात सोडा आणि ज्या खोलीवर दिसेनाशी होते ती मोजा. इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये हीच युक्ती वापरली होती. 30 सेंटिमीटरलाच थाळी नाहीशी झाली तर पाणी गढूळ आहे. मासा काठाजवळ येतो, वास असलेलं आमिष लागतं. दीड मीटरपर्यंत दिसत राहिली तर मासा तुम्हालाही बघतोय. अशा पाण्यात काठापासून दोन पावलं मागे, खाली बसून गळ टाकावा लागतो आणि दोर बारीक घ्यावा लागतो.

मग काठाने चाला, अगदी सावकाश. दर पन्नास पावलांवर पाच मिनिटं थांबा. बघायचं काय, तर बुडबुडे. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) तळ उकरतो तेव्हा बारीक बुडबुड्यांचा पुंजका उठतो आणि पुढे सरकत जातो. त्याबरोबर पाण्यात मातीचा ढग दिसतो. मोठे, एकाच जागी, एकसारखे येणारे बुडबुडे म्हणजे कुजणाऱ्या गाळातला वायू, त्यावर भाळू नका. पाठ किंवा शेपटी वर आणून मासा लोळतो ती जागा टिपा आणि वेळही टिपा. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तेव्हा पृष्ठभागाला गोल तरंग उठले म्हणून तळाशी गळ टाकला तर काही लागणार नाही. उथळ, वाळूच्या जागी ताटाएवढे गोल खळगे दिसले तर ती तिलापियाची घरटी. गवताच्या कडेला गुळकन्‌ आवाज करून कोणी हवा घेऊन गेलं तर मरळ किंवा तिच्या जातीचं कोणी.

पक्षीही सांगतात. पाणकावळे एकाच पट्ट्यात पुन्हा पुन्हा बुड्या मारत असतील तर तिथे लहान मासा आहे, आणि लहान माशामागे मोठा असतोच. ढोकरी तासभर एका दगडावर बसली असेल तर त्या काठाला पाणी उथळ आणि शांत आहे. लहान मासे अचानक फवाऱ्यासारखे पाण्याबाहेर उडाले तर खालून शिकारी आलाय.

काठाला कोणी बसलं असेल तर ‘मासे कुठे लागतात?’ विचारू नका. उत्तर मिळालंच तर आदल्या वर्षीचं मिळतं. ‘पाणी कधी उतरतं?’, ‘दरवाजे कुठल्या दिवशी उघडतात?’, ‘उन्हाळ्यात शेवटचं पाणी कुठे राहतं?’ हे विचारा. असे प्रश्न विचारणाऱ्याशी लोक मोकळेपणाने बोलतात, आणि या उत्तरांवरून जागा आपोआप कळते.

कुठल्या पाण्यात कुठे बघायचं

*नदी.* वाहत्या पाण्यात माशाला दोन गोष्टी लागतात: कमी ताकदीत उभं राहता येईल अशी जागा आणि समोरून वाहत येणारं अन्न. या दोन्ही जिथे शेजारी असतात तिथे मासा. वेगवान धार आणि संथ पाणी यांच्यामधली रेघ काठावरूनही दिसते, पृष्ठभागावरचा पालापाचोळा त्या रेघेने वळत जातो. गळ त्या रेघेच्या संथ बाजूला पडायला हवा. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी खोल आणि काठ पोखरलेला, आतल्या बाजूला वाळूचा उथळ उतार. उन्हाच्या वेळी बाहेरचा काठ, संध्याकाळी आतल्या उताराची कड.

खळाळ आणि डोह आलटून-पालटून येतात. नैसर्गिक पात्रात एका खळाळापासून पुढचा साधारण पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर असतो. म्हणजे पात्र 20 मीटर रुंद असेल तर एक डोह सापडल्यावर पुढचा 100 ते 140 मीटरवर शोधा. डोहाचं डोकं, जिथे खळाळाचं पाणी आत शिरतं, तिथे प्राणवायू आणि अन्न दोन्ही भरपूर. उन्हाळ्यात तीच सगळ्यात भरवशाची जागा. पुलाच्या खांबामागचा भोवरा, पडलेलं झाड, आणि स्वच्छ ओढा मिळतो तो संगम, या जागा शहराजवळच्या नदीतही टिकून असतात.

*धरणाचा फुगवटा.* पसारा बघून माणूस हरतो. सगळा जलाशय एकदम समजून घ्यायला जाऊ नका, एक खाडीसारखी आत शिरलेली बाजू निवडा आणि तेवढीच शिका. बुडालेली जुनी धार त्या बाजूतून कुठून जाते हे नकाशाच्या कामातून कळलेलंच असेल. ती धार काठाच्या जवळ येते त्या जागा आधी बघा, कारण मासे उथळ आणि खोल पाण्यात ये-जा त्या वाटेने करतात. दोन-तीन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला की वरचं कोमट पाणी आणि त्यातलं अन्न समोरच्या काठाला लोटलं जातं. तोंडावर वारा घेऊन बसणं सुखाचं नसतं, पण मासा त्याच काठाला असतो. थंडीत बोचरा वारा असेल तर मात्र उलट, आडोशाचा काठ घ्या. आणि भर उन्हाळ्यात खोल पाणी म्हणजे चांगलं पाणी असं समजू नका. मोठ्या जलाशयात कोमट हलका थर वर, थंड जड थर खाली असे दोन भाग पडतात. खालच्या थराला वरून हवा मिळत नाही आणि तिथला प्राणवायू संपत जातो. आठ-दहा मीटरवर गळ टाकून दिवसभर बसणारे रिकाम्या पाण्यात बसलेले असतात.

*कालवा.* एकसुरी दिसतो, म्हणून जिथे काही बदलतं तिथे थांबा: रुंदावलेला भाग, पुलाची सावली, आत येणारा ओहोळ, दरवाज्याच्या खालची बाजू. सिमेंटने बांधलेल्या, उतरत्या भिंतींच्या कालव्यावर जाऊ नका. त्यात घसरलेल्या पोहणाऱ्यालाही वर यायला पकड मिळत नाही.

*दगडखाणीतलं पाणी.* सोडून द्या. काठ सरळ तुटलेला, कडा ढासळती, उथळ भाग नाही म्हणून अन्न कमी.

*बागेतलं तळं.* परवानगी असेल तर शिकायला उत्तम. तळ साधा असतो, मासा लहान पण भरपूर, आणि टोच, म्हणजे मासा आमिषाला तोंड लावतो तो झटका, कशी येते हे हाताला कळतं.

तळ चाचपणं

दुसऱ्या फेरीला एक रॉड घ्या, पण गळाशिवाय. काठाजवळच्या पाण्यासाठी साधी रीत पुरते. तरंगणी दोरावर एका खोलीला पक्की करा आणि खाली तरंगणीला बुडवेल एवढं शिसं लावा. तरंगणी पाण्याखाली गेली तर खोली जास्त आहे, आडवी पडली तर कमी. टोक जेमतेम वर दिसेपर्यंत तरंगणी सरकवत राहा. मग तरंगणी ते शिसं हे अंतर मोजलं की खोली मिळाली.

लांबच्या पाण्यासाठी खुणेची तरंगणी लागते. 3 ते 3.6 मीटरचा रॉड, 60-80 ग्रॅमचं शिसं, आणि वेणीचा दोर. नायलॉनचा दोर ताणतो आणि तळाची थरथर हातापर्यंत पोचू देत नाही. शिशाला एक मोठी, गुळगुळीत कडी अडकवा. दोर त्या कडीतून ओवून टोकाला चांगली उसळणारी मोठी तरंगणी बांधा. फेकल्यावर दोर ताणला की तरंगणी शिशाला येऊन टेकते. आता रीलचा ब्रेक ढिला करा आणि दोर 30 सेंटिमीटरच्या टप्प्याने सोडत मोजा. तरंगणी नवव्या टप्प्याला वर आली तर खोली 2.7 मीटर. वहीत लिहा, दोर गुंडाळून तरंगणी पुन्हा शिशापर्यंत ओढा, शिसं रॉडने दोन मीटर काठाकडे ओढा आणि पुन्हा मोजा. एका रेषेत आठ-दहा मोजण्या घेतल्या की तळाचा उतार कागदावर उतरतो. मग दहा पावलं सरकून दुसरी रेषा.

अंतर कळायला रीलची दांडी एकदा फिरवल्यावर किती दोर आत येतो ते घरी जमिनीवर मोजून ठेवा. 70 सेंटिमीटर येत असेल तर 40 फेरे म्हणजे 28 मीटर.

शिसं ओढताना रॉडच्या टोकाकडे बघू नका, हाताकडे लक्ष द्या. टकटक-टकटक झालं तर गोटे किंवा खडी. गुळगुळीत, सहज सरकलं तर वाळू किंवा घट्ट माती. आधी अडलं आणि मग एकदम सुटलं तर गाळ, शिसं त्यात रुतलं होतं. जड होत होत गेलं आणि तुटक-तुटक सुटलं तर पाणवनस्पती. शिसं वर आल्यावर त्याला लागलेला गाळ हुंगा. काळा, दुर्गंधीचा असेल तर त्या जागी आमिष टाकणं वाया. तपकिरी, मातीच्या वासाचा असेल तर चालेल.

मोजणी चुकते ती ठरावीक कारणांनी. बाजूने वारा असेल तर दोराला पोट येतं आणि खोली खरीपेक्षा जास्त वाटते, म्हणून रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवा. तरंगणी वर येतच नसेल तर एक तर कडी लहान आहे आणि दोर अडकतोय, नाहीतर शिसं वनस्पतीत बसलंय. गाळ फार असेल तर शिसं आणि कडी यांच्यामध्ये 30 सेंटिमीटरचा तुकडा बांधा, म्हणजे कडी गाळाच्या वर राहते, आणि तेवढे सेंटिमीटर खोलीत मिळवा. पाण्यात फेकायचं, आवाजाच्या प्रतिध्वनीने खोली मोजणारं यंत्र असेल तर खोली पटकन मिळते, पण तळ मऊ आहे की कडक याची खात्री शिशानेच करा.

हवी ती जागा अशी: खोली थोड्या अंतरात बदलते (दीड मीटरवरून अडीच, दोनवरून चार), तळ कडक किंवा निदान स्वच्छ आहे, आणि जवळ काहीतरी आडोसा आहे. तिन्ही एकत्र असलेला दहा पावलांचा तुकडा मिळाला की बाकीचा काठ विसरा.

बसायची जागा

मासा तिथे आहे, पण तुम्हाला तिथे बसता येतं का? डोक्यावर विजेच्या तारा असतील तर किमान 30 मीटर दूर. कार्बनचा रॉड वीज वाहतो, आणि तारेला स्पर्श झाला नाही तरी ठिणगी रॉडवर उडी मारू शकते. ढगांचा गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून निघा. शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास परत येऊ नका. बंधाऱ्याच्या लगेच खाली पाणी उलटं फिरतं आणि पडलेल्याला परत भिंतीकडे ओढतं, तिथे कधीच उतरू नका. धरणाच्या खाली बसणार असाल तर भोंग्याचा अर्थ आणि वर चढायची वाट दोन्ही आधी पाहून ठेवा. ओल्या दगडावरची पाण्याची रेघ सतत बघत राहा, ती दहा मिनिटांत वर सरकली तर सामान सोडून चढा.

मग व्यवहाराचं. काठ पाण्यापासून किती उंच आहे? जाळीचा दांडा पोचला पाहिजे, नाहीतर लागलेला मासा वर घेता येणार नाही. मागे झाडं असतील तर फेक कशी करणार? अंगावर जखम असेल तर ती झाकून या. उंदरांचं मूत्र मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि शहराजवळच्या काठावर उंदीर असतात.

तीन बैठका

एका बैठकीवरून जागा चांगली-वाईट ठरवू नका. तीन द्या: एक पहाटे, एक संध्याकाळी, एक ढगाळ दिवशी. प्रत्येक वेळी तोच तुकडा, तेच आमिष, निदान पहिले दोन तास. एकदम आमिष, खोली आणि जागा बदलली तर कशामुळे मासा लागला ते कळत नाही.

सुरुवातीला चारा, म्हणजे मासे गोळा करायला पाण्यात टाकायचं खाद्य, दोन मुठी, त्याहून जास्त नाही. पाणी 25 अंशांच्या वर असेल तर एकच मूठ. न खाल्लेला चारा तळाशी आंबतो, प्राणवायू खातो, आणि ती जागा दोन-तीन दिवस नासते. नवख्यांच्या हातून चांगल्या जागा सगळ्यात जास्त अशाच बिघडतात. लहान माशांच्या टोची येत असतील तर थांबा. दीड तासात टोच नाही, बुडबुडा नाही, काहीच नाही, तर उताराच्या रेषेवरच दहा पावलं सरका. दुसऱ्या तळ्यावर पळू नका.

लहान मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो. काटा दाबून सपाट केलेला गळ पटकन निघतो. वाहत्या पाण्यात त्याचं तोंड धारेकडे करून, तो स्वतः जोर करेपर्यंत आधार द्या. एका पाण्यातला मासा किंवा उरलेलं जिवंत आमिष दुसऱ्या पाण्यात सोडू नका, रोग आणि परके मासे असेच पसरतात. तुटलेला दोर खिशात घाला, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

वही

दर बैठकीला: तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, थाळीची खोली, वाऱ्याची दिशा, गळ किती खोलीवर होता, पहिली टोच कधी आली. आणि पाण्याची पातळी, जी बहुतेक जण लिहीत नाहीत. पुलाच्या खांबावर, पायरीवर किंवा न हलणाऱ्या खडकावर एक खूण निवडा आणि पाणी तिच्यापासून किती खाली आहे ते प्रत्येक वेळी लिहा. तुमच्या वहीतल्या सगळ्या खोल्या त्या खुणेला बांधलेल्या असतात. उताराची कड 2.4 मीटरवर मोजली तेव्हा पाणी खुणेच्या 40 सेंटिमीटर खाली होतं, आज ते एक मीटर खाली आहे, म्हणजे कड आता 1.8 मीटरवर आली. उन्हाच्या दिवशी एवढ्या पाण्यात मोठा मासा थांबेलच असं नाही. तेव्हा त्याच रेषेवर काठापासून पुढे, वहीत 3 मीटर लिहिलेला पुढचा टप्पा शोधा. तो आज 2.4 मीटरवर असेल, पहिला गळ तिथे टाका.